बारा हत्यारांची नावं

“हत्याराचं नाव विसरलास, की ते तुझं राहिलं नाही,” असं सुतार एकदा मुलाला म्हणाला होता. मुलगा तेव्हा काम शिकत होता आणि रंध्याकडे बोट दाखवून नुसतं ‘ते द्या’ म्हणाला होता.

पुढे सुताराच्याच अंगावरून वारं गेलं. हातपाय शाबूत राहिले, शब्द तेवढे गेले. वस्तू ओळखायचा, वापरायचा, पण नाव सापडायचं नाही. दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी तो करवतीला चमचा म्हणाला. मुलगा ताटावरून उठून गेला.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालं. टेबल, चार खुर्च्या, चित्रांची चळत. बाईंची पद्धत ठरलेली होती. चित्र दाखवायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, मग हे कशाला लागतं ते विचारायचं, तरी अडलं तर पहिलं अक्षर द्यायचं. आयता शब्द कुणी पुरवायचा नाही. सुताराच्या बायकोला हेच जमेना. तो अडखळला की शब्द तिच्या तोंडून निसटायचा. शेवटी बाईंनी तिला तोंडावर रुमाल धरायला लावला.

एकदा ‘पटाशी’ जमली आणि जिभेला अशी चिकटली की तो चहाच्या कपालाही पटाशी म्हणाला, बायकोलाही.

“खरंच आहे,” ती रुमालाआडून म्हणाली, “धार आहेच मला.”

आजारानंतर तो पहिल्यांदा हसला.

त्याला आपल्या कामाच्या शेडमध्ये परत जायचं होतं. बाराही हत्यारांची नावं सांगा, किल्ली देतो, असं मुलगा बोलून बसला होता. चार महिने सुतार आरशासमोर उभा राहून ओठ हलवत होता. अकरा आली. काटकोन तपासायचा गुण्या तेवढा येईना. बाई म्हणाल्या, खरी हत्यारं आणा, हातात घेतली की नाव लवकर येतं. मुलगा तीनदा विसरला. चौथ्यांदा मोबाइलवर फोटो घेऊन आला.

सुताराने मोबाइल जवळ ओढला. करवत. रंधा. पटाशी. कानस. बाईंना एकही अक्षर द्यावं लागलं नाही. अकरा झाल्यावर बोट थांबलं. कपाळावर घाम आला.

“गुण्या.”

बायकोने रुमाल डोळ्यांना लावला. बोट मात्र फोटोवरच होतं. ते वर सरकलं, हत्यारांमागच्या हिरव्या भिंतीवर. त्याची शेड चारी बाजूंनी पत्र्याची होती.

“हे… कुठे?”

हा प्रश्न त्याला कुणीच शिकवला नव्हता. तुम्ही चमचा म्हणालात त्याच आठवड्यात हत्यारं एकाला दिली, मुलगा पुटपुटला. फोटो त्याच्याकडे जाऊन काढला. शेडही गेली, कुलूप केव्हाच बदललंय.

“नावं येतील असं वाटलंच नाही, बाबा. आणि तुम्हीच म्हणाला होतात ना, नाव विसरलं की हत्यार आपलं राहत नाही.”

आता तरी बायकोने काहीतरी पुरवावं म्हणून बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रुमाल पुन्हा तोंडावर गेला होता. तिला आधीपासून माहीत होतं.

बाई नकळत मनात मोजू लागल्या. सातपर्यंत आल्या तेव्हा सुताराने मोबाइल मुलापुढे पालथा ठेवला. नऊला उठला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि निघून गेला.