राहूकाळ संपेपर्यंत

तंजावरातल्या आमच्या गल्लीतली महापालिकेची शाळा मागच्या उन्हाळ्यात बंद झाली. दोन खोल्या आणि पुढे कडुलिंब, एवढीच शाळा. मुलं कमी म्हणून ती मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेला जोडायचं चाललं होतं. तुम्ही म्हणाल, या म्हातारीचं त्यात काय गेलं? माझी नातवंडं तर चेन्नईत. पण शेजारच्या बाईची पोर तिथे तिसरीत होती. त्या बाईला नवरा नाही. पहाटेच्या बसने पापनाशमला तांदळाच्या गिरणीत कामाला जाते. पोर माझ्याकडे इडली खायची, केसांत फूल माळून घ्यायची आणि समोरच्या शाळेत पळायची. मोठा रस्ता ओलांडून तिला कोण नेणार? माझे गुडघे तुळशीपर्यंत जातात तेच खूप.

वॉर्डाची सभा शुक्रवारी होती. नगरसेविकाबाई म्हणालेल्या, विरोध असेल तर सभेत येऊन बोला, मी वर कळवते; कोणीच बोललं नाही तर माझा इलाज नाही. म्हणून शेजारणीने रजा काढली. आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलायचं ते पाठ केलं. बोलायचं तमिळच, तिचीच भाषा, तरी दर वाक्याला अडखळत होती.

"अम्मा, मध्येच रडू आलं तर?"

"तर रड. रडणारीचं जरा तरी ऐकतात."

सकाळी रिक्षाने निघालो, माझी नणंदही बरोबर. सभा होती त्या कल्याणमंडपाच्या, लग्नाच्या हॉलच्या, दारात पोचलो तर आत माइकची खरखर सुरू झालेली. शेजारीण चप्पल काढायला वाकली, तोच नणंदेने तिचा हात धरला.

"थांब गं. राहूकाळ लागलाय."

तंजावरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मराठी घर असो की तमिळ, राहूकाळात कोणी नवं पातेलं चुलीवर चढवत नाही. शिवाय सभेची रीत आम्हाला ठाऊक. आधी गटारं, मग दिवे, मग गटारांवरून भांडण, आणि शाळा कायम शेवटी.

"वन्सं, सरकारी कामाला कसला राहूकाळ?" मी म्हटलं खरं, पण पाय माझेही उंबऱ्याबाहेरच होते.

"तुमचं लग्न राहूकाळात लागलं असतं ना वहिनी, तर माझा भाऊ सुटला असता," ती म्हणाली. शेजारीणही हसली. पदराने तोंड पुसून ओठांतल्या ओठांत पाठ म्हणत राहिली.

दीड तासाचा राहूकाळ टळल्यावर उजवं पाऊल टाकून आत गेलो. गटारांवरून भांडण चाललेलं. शेजारणीने हात वर केला. नगरसेविकाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"शाळेचं म्हणताय? ते झालं की अम्मा. शिक्षणाचे अधिकारी लवकर जाणार होते, म्हणून तेच आधी घेतलं. कोणाचा विरोध आहे का, विचारलं मी. कोणी बोललं नाही. तसं लिहून घेऊन ते गेलेसुद्धा." मग जरा खालच्या आवाजात, "तुम्ही येणार होतात ना? कुठे होतात इतका वेळ?"

दारात होतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शेजारीण तशीच उभी राहिली, आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य तिने म्हटलं. "माझी पोर तिसरीत आहे." पुढचं तिला आठवेना. मागून कोणी तरी ओरडलं, गटाराचं काय ते बोला.

परतताना नणंद रिक्षात तोंड बाहेर करून बसली.

जूनमध्ये पोरीला ओरत्तनाडू गावी आजीकडे ठेवलं. शेजारणीने आम्हाला कधी बोल लावला नाही. नणंदेने एकदा विषय काढला तर म्हणाली, "अक्का, मलाही थांबावंसंच वाटलं होतं." रविवारी शेजारीण ओरत्तनाडूला जाते आणि परत आली की माझ्या ओट्यावर बसते. परवा म्हणाली, पोर आता आजीलाच बिलगून असते, मी गेले तरी लगेच जवळ येत नाही.

"लहान आहे गं, विसरतात," मी म्हटलं.

आणि मग वाटलं, हे काय बोलून बसले मी.