विळीवर हात पडला

इकडे ये, जवळ बस. कागदावर का होईना, बस. तीन महिने झाले तुझं बाळ जाऊन, आणि ठाण्याहून निरोप काय येतो, तर "काकू, मी बरी आहे." अगं, असं कुणी बरं असतं का? अक्षरं मी चुलीपुढच्या राखेत गिरवून शिकले, तेव्हा चुका पोटात घाल. पण शेवटपर्यंत वाच.

तुझ्या आईच्या हातावरचा व्रण तू लहानपणी बोटाने चाचपायचीस. विचारलंस की मी सांगायचे, विळीवर हात पडला. ते खोटं होतं. तुझ्या आधीचं तिचं मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं, आणि पुढे एका दुपारी तिने स्वतःलाच इजा करून घेतली. मी वेळेवर पोचले, एवढंच. मामंजींनी घरच्या सगळ्यांना पढवलं, विळीवर हात पडला म्हणा. चौकीत कळलं तर तिलाच शिक्षा होईल, ही धास्ती. ते आम्ही इतकं घोटलं, की शेजारणींपुढेच काय, तिच्यापुढेही तेच बोलू लागलो.

पट्टी बदलायला तिला एक दिवसाआड इथल्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागे. थोरली जाऊ म्हणून मी बरोबर. परक्या पुरुषाशी ती कशी बोलणार? डॉक्टर तिला विचारत, उत्तर मी देई. दुखतं का? नाही दुखत. झोप लागते का? लागते हो. रात्ररात्र ती जागी असे, आणि शेजारी निजणाऱ्या मला ते ठाऊक होतं.

चौथ्यापाचव्या खेपेला ते म्हातारे डॉक्टर मला म्हणाले, "बाई, हात भरतोय. पण तुम्ही बोलता तोवर ही मुलगी मला दिसतच नाही."

रागच आला मला. मग ते आमच्याकडे पाठ करून खलात औषध घोटत बसले, आणि मी एकदाची तोंड मिटून बसले. बऱ्याच वेळाने ती भिंतीकडे बघत म्हणाली, "हात पडला नाही. मीच केलं. बाळाचं नाव घरात कुणी घेत नाही."

डॉक्टर वळले नाहीत. चौकीचं नाव काढलं नाही, उपदेशही नाही. म्हणाले, येत जा, आणि आलीस की बोलत जा. मला म्हणाले, हिला एकटी सोडू नका, कोंडूनही घालू नका.

लगेच सगळं बरं झालं असं नाही. श्रावणात ती पुन्हा अन्न टाकून बसली. पण जखम भरल्यावरही आम्ही दवाखान्यात जात राहिलो. मामंजींना मी पट्टीचंच सांगायचे. घरी दळताना ती बाळाचं बोले, मी जातं ओढत ऐके. दोन वर्षांनी तू झालीस. पुढे कितीतरी वर्षांनी तुझी आई तापाने गेली, त्याआधी तिनेच सांगून ठेवलं, मुलीला गरज पडली तर खरं सांगा.

आता तुझं "बरी आहे" मला विळीवर हात पडल्यासारखंच ऐकू येतं. तुझ्या बाळाच्या बारशाला मी होते, नाव माझ्या लक्षात आहे. सकाळच्या गाडीने ये. स्टेशनावर मी स्वतः उभी राहीन. पण या आठवड्यातच ये, पोरी.