राखणदाराची उत्तरपूजा

खंडोजींची ओळख त्यांच्या मुलीमुळे झाली. रम्या माझ्या वर्गात होती आणि पालकसभेला नेहमी वडीलच यायचे. शेवटच्या बाकावर बसायचे, सगळ्यांचं बोलून झालं की उठून विचारायचे, "टीचरअक्का, ही वर्गात हसते का?" गुणांबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. पुढे मी निवृत्त झाले, रम्या लग्न होऊन गेली, पण बेंगळुरूच्या बनशंकरीत आमची घरं एकाच रस्त्यावर असल्यामुळे जाणं-येणं राहिलं.

त्यांचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कोणतं, हे त्यांच्या आजोबांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, पण त्यात कानडी इतकी मुरलेली की कुठला शब्द कुठला हे त्यांना कळत नाही आणि कळावं असं वाटतही नाही. शिवाजीनगरात लेथ मशीनचा छोटा कारखाना. मोडक्या यंत्रांचे भाग तिथे घडवून मिळतात. माणूस उंच, थोडा वाकलेला. बोलण्याआधी समोरची वस्तू बोटानं वाजवून बघण्याची सवय. आमच्याकडे चहाला आले तरी आधी टेबल वाजवतात.

या माणसाचा छंद ऐकला की लोक पुन्हा विचारतात. समुद्रकिनाऱ्यावर युद्धाच्या काळात बांधलेले, आता टाकून दिलेले बंकर शोधायचे आणि आत जाऊन बघायचे. समुद्र बेंगळुरूपासून किती लांब! पण एकदा एका मच्छीमार बोटीचा दुरुस्त केलेला भाग पोहोचवायला ते कारवारच्या बाजूला गेले, तिथे सुरूच्या बनापलीकडे वाळूत रुतलेली एक काँक्रीटची खोली दिसली, आणि तेव्हापासून हे सुरू झालं. पावसाळा सोडला की महिन्या-दोन महिन्यांनी पिशवीत टॉर्च, दोरीचं भेंडोळं आणि साप हुसकायला छत्री घालून ते यशवंतपूर स्टेशनवरून गाडी पकडत.

"काय असतं हो आत?" मी एकदा विचारलं.

"काही नाही अक्का. वटवाघळं असतात."

"मग?"

त्यांनी टेबल वाजवलं. "आत उभं राहिलं की भिंतीतल्या फटीतनं बाहेर बघायचं. आभाळ दिसत नाही, वाळू दिसत नाही. नुसता समुद्र, पट्टीसारखा. वाट बघायची खोली आहे ती. आणि ज्याची वाट बघितली तो तिथं आलाच नाही."

गोजराबाई, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "घरी मी वाट बघते, तिकडं हे वाट बघतात. सगळ्यांचं बरं चाललंय."

बरेच बंकर त्यांनी पाहिले, पण जीव जडला तो पहिल्यावरच. गावातले लोक त्याला सोजिरांची खोली म्हणत. दुसऱ्या महायुद्धात गोरे सोजीर तिथे बसायचे, अशी सांगण्यातली गोष्ट. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. आत फाटकी जाळी आणि रिकाम्या बाटल्या पडलेल्या असत. खंडोजी गेले की आधी झाडून काढत.

एका वर्षी घोळ झाला. गाडीचं तिकीट काढताना त्यांनी पंचांग पाहिलं नाही, आणि नेमकी खंडेनवमी त्या गावात उजाडली. बेंगळुरूत आयुधपूजा म्हणजे काय असते, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि दारात कुंकू भरून फोडलेला कोहळा. खंडोजींच्या हातून जन्मात ही पूजा चुकली नव्हती. कारखान्यात कामगार पूजा करत होते, फोनवर घंटा ऐकू येत होती, आणि हे हात मोकळे घेऊन वाळूवर बसलेले.

"हात शांत बसेनात अक्का," ते मला म्हणाले. "मग विचार केला, हे पण आयुधच की. लढाईसाठीच बांधलंय. इतक्या वर्षांत त्याला कुणी कुंकू लावलं असेल?"

बाजारातून त्यांनी झेंडू, लिंबू आणि कोहळा आणला. फटीच्या वर कुंकवाची बोटं ओढली, माळ घातली, उंबऱ्यावर कोहळा फोडला, नमस्कार केला आणि संध्याकाळची गाडी धरून परत आले. कारखान्यातली पूजा चुकली तरी पूजा झाली, या समाधानात.

पुढच्या वेळी गेले ते थंडी सरताना. बाहेर चपलांची रांग होती. आत सारवल्यासारखं स्वच्छ, कोनाड्यात समई, दारावर छोटी घंटा. ते नेहमीसारखे वाकून आत शिरू लागले, तर एक बाई मागून ओरडली. कस्तुराबाई, मासळी विकणारी, साठीची, आवाज भरतीसारखा. ती कोंकणीत बोलली, ह्यांनी मराठी-कानडीत उत्तर दिलं, आणि दोघांनाही सगळं समजलं.

"चप्पल काढ! राखणदार आहे आत."

"कोण राखणदार?"

"कोण म्हणजे? नवमीला प्रकट झाला. कुंकू आपोआप उमटलं. कोहळा फुटलेला. गावात कुणी केलं नाही, सगळ्यांना विचारून झालं. त्याच आठवड्यात वादळ आलं, माझ्या जावयाची बोट समुद्रात होती. आली ना परत!"

खंडोजी चप्पल हातात घेऊन उभे राहिले. मग जे खरं ते सांगितलं. "अहो अक्का, ते कुंकू मी लावलं. मी बेंगळुरूचा. आमच्यात आयुधपूजा असते."

कस्तुराबाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तू लावलंस?"

"हो."

"तुला कुणी सांगितलं लावायला?"

"कुणी नाही. हात शांत बसेना म्हणून."

"बघा!" ती बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली. "बेंगळुरूहून ओढून आणला त्याला!"

त्या दिवसापासून गावात खंडोजींचा मान वाढला. बसायला खुर्ची, तळलेला बांगडा. एवढ्यावर थांबलं असतं तर ते हसून सोडून देते. पण मागेच त्यांनी छतातल्या एका भेगेवर पांढऱ्या सिमेंटची पट्टी लावून ठेवली होती. यंत्राच्या पायाला भेग गेली की कारखान्यात करतात तसं. पट्टी फुटली तर भेग वाढतेय. पट्टी मधोमध फुटली होती. बाहेर जाऊन पाहिलं, तर समुद्राकडच्या बाजूनं पायाखालची वाळू लाटांनी नेलेली. अख्खी खोली पुढे झुकली होती. आणि येत्या नवमीला वर्षपूर्तीची मोठी पूजा ठरली होती. गावातल्या बायका, लेकरं आत बसून भजन करणार होती.

त्यांनी सांगून पाहिलं. कस्तुराबाई म्हणाली, "देव स्वतःचं छप्पर स्वतःच्या लेकरांवर पाडेल?" पंचायतीत गेले. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. देवाच्या भानगडीत त्याला पडायचं नव्हतं.

खंडोजी तसेच परत आले. पावसाळाभर आभाळ भरून आलं की त्यांची नजर छताकडे जाई, घराच्या. एकदा आमच्याकडे बशीतल्या डोशाचा तुकडा मोडून त्यांनी मला दाखवलं, खोली कशी झुकलीय, वजन कुठे येतं. मग तो तुकडा तसाच धरून बसले.

"काहीच कळेना अक्का. तो देव नाही, हे मला माहीत आहे. मीच केला तर मला माहीत नसणार? पण मी म्हणतो ते खोटं आणि त्या बाया म्हणतात ते खरं, असं झालंय. आणि स्वल्प मलाही वाटतं, खरंच का लावलं मी कुंकू?"

"घरच्या देवाला दिवा लावायचा तर ह्यांना आठवण करावी लागते," गोजराबाई म्हणाल्या. "आणि तिकडं सिमेंटाला देव करून आले." मग त्या थांबल्या. "अहो, उत्तरपूजा केली होती का?"

"काय?"

"कारखान्यात दसऱ्याला काय करता? अक्षता टाकता, मशीन जरा हलवता, मग चालू करता. पूजा उठवता. तिकडं कुंकू लावलं, संध्याकाळची गाडी धरली. बसवलेल्याला उठवलंच नाही, तर तो जाईल कुठं? बसलाय बिचारा."

खंडोजींनी डोसा खाली ठेवला. "सरी, बरोबर," ते हळूच म्हणाले.

नवरात्राच्या आधी आम्ही तिघं गेलो. यशवंतपूरला गाडीत बसल्यापासून गोजराबाईंच्या मांडीवर तांब्या, नारळ आणि अक्षतांची पुडी. खंडोजी खिडकीतून बाहेर बघत होते. हासन गेल्यावर म्हणाले, "अक्का, हे फसवणं तर नाही ना?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बोगदा आला.

कस्तुराबाईला गोजराबाईंनीच समजावलं. दोघी वाळूवर पाय पसरून बसल्या. उत्तरपूजा राहून गेल्याचं ऐकून कस्तुराबाई आधी खंडोजींवर भडकली. "एवढा मोठा माणूस, आणि अर्धी पूजा टाकून पळाला!" हे तिला लगेच पटलं होतं. छपराचं काही पटलं नव्हतं. देव पालखीत बसून बाहेर पडतो, दुसरीकडे राहतो, हे तिच्या गावाला नवं नव्हतं. पण तिची एक अट होती.

"कौल लावायचा. तो जातो म्हणाला तर जाईल. नाही म्हणाला तर पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही."

देवाला प्रश्न विचारून ओल्या पाकळ्या डाव्या-उजव्या बाजूला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिकडे लग्नापासून बोट घेण्यापर्यंत सगळं असंच विचारतात. पण इथे नवाच पेच उभा राहिला. ह्या देवाची उजवी बाजू कोणती? तो आपल्याकडे बघतो की समुद्राकडे? म्हातारे एक म्हणाले, बायका दुसरं. बराच वेळ वाद झाला. शेवटी कस्तुराबाईनं निकाल दिला, "राखणदार आहे तो. तोंड समुद्राकडेच असणार. आपण त्याच्या पाठीशी उभे आहोत. त्याची उजवी तीच आपली उजवी."

समुद्राकडच्या भिंतीला दोन फटी होत्या. प्रत्येकीच्या कडेला एक-एक पाकळी लावली आणि सगळे आत दाटीवाटीनं उभे राहिलो. वारा फटींतून येत होता. मी वर पाहिलं. भेग माझ्या डोक्यावरून पलीकडे जात होती. खंडोजींचं लक्ष पाकळ्यांकडे नव्हतंच. त्यांचा एक हात छताला टेकलेला होता, आधार दिल्यासारखा. डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

उजवी पाकळी पडली.

आरडाओरडा झाला. गोजराबाईंनी अक्षता टाकल्या, तांब्यावर नारळ ठेवून तो हलवला आणि माहेरवाशिणीला उठवावं तसं म्हणाल्या, "चल देवा, बाहेर चल." कस्तुराबाईनं तांब्या डोक्यावर घेतला. सुरूच्या बनाच्या कडेला एक काळा दगड होता. त्यावर राखणदार बसला, समुद्राकडे तोंड करून. मागोमाग घंटा आली, समई आली, चपलांची रांगही तिकडे गेली.

खंडोजींनी माडाच्या झावळ्या आणि जुनी जाळी लावून बंकरचं दार बंद केलं. शेवटची गाठ मारताना कस्तुराबाई बाजूला येऊन उभी राहिली.

"आता तू पण आत जायचं नाहीस हां. तूच म्हणतोस ना पडेल."

"नाही जाणार."

"शपथ?"

त्यांनी जाळीतून आत पाहिलं. तिथून समुद्राची पट्टी दिसत होती, पण अर्धीच. मग त्यांनी मान हलवली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "डोळे मिटून काय म्हणत होता?"

"तेच तर." ते कसनुसे हसले. "देवा, उजवी पाड, म्हणत होतो. कुणाला म्हणत होतो ते कळेना. तो नाहीच असं म्हणणारा मी, त्यालाच विनवत होतो." थोड्या वेळानं त्यांनी गोजराबाईंकडे पाहिलं. "तू डाव्या फटीला पाठ लावून का उभी होतीस? त्यामुळे त्या बाजूनं वाराच येत नव्हता."

"मला ऊन लागत होतं," गोजराबाई म्हणाल्या आणि डबा उघडू लागल्या.

त्या वर्षीची आयुधपूजा मी शिवाजीनगरच्या कारखान्यात जाऊन पाहिली. प्रत्येक यंत्राला कुंकू लावताना खंडोजी क्षणभर थांबत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेथपासून छोट्या पकडीपर्यंत एकूण एक वस्तूची उत्तरपूजा केली. पकड राहिली असं वाटून पुन्हा एकदा केली. कामगार गालात हसत होते.

मग त्यांनी कस्तुराबाईला फोन लावला. नवमीची पूजा थाटात झाली होती, दगडापुढे माणसं मावली नव्हती. ती ओरडून सांगत होती, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"छप्पर कसं आहे?" खंडोजींनी विचारलं.

"कसलं छप्पर? देव उघड्यावर बसतो आता."

"त्याचं नव्हे. त्या खोलीचं."

"ती होय? कोण जातंय तिकडं बघायला?"

खंडोजींनी फोन ठेवला. हेच तर त्यांना हवं होतं. लेथवर हात टेकून तो बोटानं वाजवत ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं ना, अक्का?"