दाराखालची फट

मी वहीशिवाय काम करत नाही. घरातले हसतात, पण गॅस संपायच्या आधी दुसरा सिलिंडर दारात हजर असतो तो त्या वहीमुळेच. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे येणार हे ठरलं, तेव्हा मी शंभर पानी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं : बाळंतिणीची खोली. खाली अकरा कामं. बाज आवळून घेणे. गोधड्यांना ऊन दाखवणे. डिंक, हळीव, खारीक. ऐनाची सुकी लाकडं. मालिशवाल्या मावशींना निरोप. आणि सातव्या ओळीवर, दाराखालची फट बुजवणे.

जुन्या सुती साडीचा घट्ट पीळ करून मी तो दाराच्या तळाशी बसवला, खिडकीच्या चौकटीत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या आणि सातव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. मला त्या खुणेचं फार समाधान वाटलं होतं.

आमचं गाव टोकावड्याहून माळशेजकडे जाताना लागतं. ठाणे जिल्ह्यात थंडी नसते असं ज्यांना वाटतं त्यांनी डिसेंबरात सकाळी आमच्या पडवीत उभं राहून दात घासून दाखवावेत. घाटावरून उतरलेला वारा सरळ हाडात जातो. त्यात नातू वजनाने कमी, सव्वादोन किलोचा. मुरबाडच्या दवाखान्यातून घरी सोडताना नर्सबाईंनी दोनदा बजावलं, "बाळाला ऊब द्या. अंग गार पडू देऊ नका." मी ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

ऊब द्यायची म्हणजे शेगडी, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं, वर ओव्याची चिमूट, दार बंद, सव्वा महिना. माझं बाळंतपण माहेरी, शहापूरकडे, असंच झालं. तेव्हा मला शेकायला याच मावशी मुद्दाम तिकडे येऊन राहिल्या होत्या. त्यांचं माहेर माझ्या माहेरच्या गावावरच्या डोंगरवाडीत होतं आणि सासर इथल्या वाडीत. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा ओळखीचं माणूस म्हणून मला त्यांचाच आधार होता. आता त्या माझ्या मुलीला शेकणार होत्या. सकाळी वाडीतून उतरून यायच्या, मागच्या चुलीवर पाणी तापवायच्या, मालिश, अंघोळ, आणि मग चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन खोलीत.

धूर मात्र त्या होऊ देत नसत. अर्धवट जळालेलं एक लाकूड दिसलं तरी चिमट्याने उचलून बाहेर. "धुरानं पोराचं डोलं जातील," म्हणायच्या. घमेल्यात लालभडक, स्वच्छ निखारे. मीही वाकून बघायची. धूर नाही, म्हणजे काळजी नाही.

चौथ्या दिवशी मुलीचं डोकं दुखायला लागलं. वहीत नोंद आहे : जागरण. सुंठ उगाळून लावली. पाचव्या दिवशी मावशींचं डोकं जड. त्यांनी स्वतःच निदान केलं, "मिश्री बदलली ना गो, ही नवी लय चढतं." तेही लिहिलं. सातव्या दिवशी माझं डोकं. पुढे लिहिलं : चष्म्याचा नंबर बघणे. तीन डोकी, तीन कारणं, एकाच हस्ताक्षरात एकाखाली एक. आणि मला काही दिसलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला मी हळिवाची खीर घेऊन खोलीत गेले. पिळाच्या कापडामुळे दार जड लागलं, खांद्याने ढकललं. आत छान ऊब होती. हवा अगदी स्वच्छ दिसत होती. मुलगी बाजेच्या कडेला बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, एक हात कपाळावर.

"आई, घर फिरतंय," ती म्हणाली आणि तिला उलटी झाली.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठायला गेल्या आणि परत खाली बसल्या. "पायात जीवच नाय गो," म्हणाल्या, आणि कसनुशा हसल्या.

मी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. दुधाची वेळ होती, एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. त्याने फक्त ओठ हलवले.

पुढचं मी कुठल्याही यादीशिवाय केलं. बाळाला उचललं आणि अंगणात, उन्हात नेलं. यजमानांना हाक मारली, बाळ त्यांच्या हातात दिलं, धावत परत आत गेले आणि मुलीला काखेत हात घालून ओढत पडवीत आणलं. मावशी रांगत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्यांना ओढलं. मग खिडकीतल्या पट्ट्या उपटून काचा सरकवल्या. अंगणात आले तेव्हा बाळ रडत होतं. बारीक, चिडका, किरकिरा आवाज. तो ऐकल्यावर मी बाळाला परत घेतलं आणि यजमानांना गाडी आणायला पिटाळलं.

तासाभरात आम्ही सगळे दवाखान्यात होतो. आईला आणि बाळाला ऑक्सिजन लावला होता, मावशींनाही. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात काय पेटवलं होतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "नुसते निखारे होते. धूर अजिबात नव्हता."

"धूर असता तर बरं झालं असतं. डोळे चुरचुरले असते, तुम्ही दार उघडलं असतं." मग त्यांनी सांगितलं की बंद खोलीत निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, उलटी, मग गाढ झोप. "त्या झोपेतून माणूस उठेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "याआधी कुणाचं डोकं दुखलं होतं का?"

वही पिशवीत होतीच, बाळाचं लसीचं कार्ड तिच्यातच ठेवलेलं म्हणून आणली होती. मी पानं उलटली. चार, पाच, सहा, सात. दुखणं रोज शेगडीनंतरचं. दुपारी पडवीत उन्हात बसली की मुलीला बरं वाटतं, हेही माझ्याच अक्षरात. मी पहिल्या पानावर गेले आणि सातवी ओळ डॉक्टरांना दाखवली. त्यांनी वाचली आणि ती ओळ केसपेपरवर जशीच्या तशी उतरवून घेतली. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मावशी शेजारच्या खाटेवरून ऐकत होत्या. मास्क बाजूला करून म्हणाल्या, "तुला शेकली, तुझ्या आईला शेकली. सगल्या वाडीला शेकली. कदी कुनाला काय झालं नाय."

"मावशी, ती घरं कुडाची होती."

 त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप, वर कौलं. लेपाचे पोपडे पडत, भिंतीतून पलीकडचा माणूस दिसे. त्या घरात दार कितीही घट्ट लावलं तरी वारा येणार आणि जाणार. आम्ही त्या वाऱ्याला जन्मभर शिव्या घातल्या. तीन वर्षांपूर्वी आम्ही स्लॅबचं घर बांधलं, सरकत्या काचा बसवल्या, आणि मी येईल त्याला सांगत सुटले की धूळ येत नाही, वारा येत नाही, पालसुद्धा येत नाही. उरली होती ती दाराखालची एक फट. ती मी बुजवली.

"म्हंजे वारा लागू नये म्हनून आमी मरत व्हतो," मावशी म्हणाल्या, आणि मास्क परत तोंडावर घेतला.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे डोळे नीट उघडले. बाळ दूध प्यायला लागलं. पण माझा प्रश्न तसाच होता. "डॉक्टर, शेगडी नाही तर ऊब कशी द्यायची? सव्वादोन किलोचं पोर. आमच्याकडे पहाटे पाण्यात हात घालवत नाही."

त्यांनी बाळाचं अंगडं काढलं, टोपी, मोजे आणि लंगोट तेवढा ठेवला. मुलीला जरा टेकून बसवलं, बाळाला तिच्या उघड्या छातीवर उभं धरलं, मान एका बाजूला, नाक मोकळं, आणि दोघांवरून एकच पांघरूण लपेटलं. "असं. जागेपणी, जितका वेळ जमेल तितका. ही दमली की तुम्ही घ्या, बाबा आले की बाबांनी घ्यायचं."

मावशी कोपरावर उठून बघत होत्या. "ही कसली शेगडी? हिला लाकडं नाय लागत?"

"लाकडं नाही," मुलगी डोळे मिटून म्हणाली, "लाडू लागतात." त्या दिवसातलं तिचं ते पहिलं धड वाक्य.

दोन दिवसांनी घरी आलो. मी वहीचं पहिलं पान फाडलं नाही, सातव्या ओळीवर नुसती काट मारली आणि समोरच्या पानावर नवी यादी केली. निखारे घराबाहेर, अंगणातच, विझत आलेलेसुद्धा आत नाहीत. अंगणातल्या शेगडीजवळ दोन विटा तापवायच्या, फडक्यात गुंडाळून रिकाम्या अंथरुणात ठेवायच्या, अंथरूण ऊबदार झालं की विटा काढायच्या आणि मगच बाळ-बाळंतिणीने आडवं व्हायचं. कंबर शेकायला मिठाची पुरचुंडी, तीही बाहेरच तापवून. खिडकी चार बोटं उघडी, बाज तिच्या झोतात नाही. कुणाचंही डोकं दुखलं तर आधी सगळ्यांनी बाहेर, कारण नंतर शोधायचं.

गवंड्याला बोलावून दाराच्या वर, भिंतीत, हातभर लांबीची जाळी बसवायला सांगितली. तो भिंतीकडे बघत राहिला. "वयनी, नव्या घराला भोक?"

"भोकच. आणि समोरच्या भिंतीत दुसरं."

"मागच्या टायमाला तुमीच बोललात, मुंगी शिरता नये."

"मुंगीला शिरू दे."

मावशी तीन दिवस आल्या नाहीत. मला वाटलं, रुसल्या. चौथ्या दिवशी आल्या त्या जाळीखाली उभ्या राहिल्या, हात वर करून बोटं पसरली आणि वारा येतोय का ते बघितलं. मग पदर खोचून मालिशला बसल्या. शेगडीचं नावही काढलं नाही. जाताना म्हणाल्या, "पोराचं पाय गरम हायत." वजन करायला नेलं तेव्हा काटा अडीच किलोच्या पुढे गेला होता. ते मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

सव्वा महिन्याने मुलगी सासरी आसनगावला गेली. बरोबर ती यादी नकलून दिली. विहीणबाईंनी शेगडी आधीच आणून ठेवली होती. मुलीने ती गॅलरीत ठेवली आणि नवऱ्याच्या हातात बाळ दिलं, असं फोनवर कळलं.

आमच्या गल्लीत त्याच थंडीत आणखी एक बाळ आलं, तेही नव्या स्लॅबच्या घरात. सांगायला जावं म्हणून मी वही घेऊन निघाले, तर मावशी तिथे माझ्या आधी पोचल्या होत्या. बाळाची आजी निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं धरून दारात उभी होती, आणि मावशी उंबऱ्यात आडव्या बसल्या होत्या, पाय पसरून, वाट अडवून.

"ते खाली अंगनात ठेव गो," त्या म्हणत होत्या. "आनि मला आदी खिडकी दाखव."