मोटेचं चाक

बसऱ्याच्या लढाईत मी बंदूक धरली नाही. तीन वर्षं इंग्रज फौजेची खेचरं हाकली. परत आलो तेव्हा मंगरूळपीरजवळच्या आमच्या मळ्यात वांगी, मिरच्या, विहीर, सगळं जागच्या जागी होतं. मीच तेवढा जागेवर नव्हतो. लोक येऊन विचारत, समुद्र केवढा, गोरे काय खातात. मी म्हणे, समुद्र मोठा आणि गोरे पुष्कळ खातात. मग ते हिरमुसून उठत. मला त्यांचा राग येई. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, पण गंमत ऐकायला आलेल्यांना हे कोण सांगणार?

खरी अडचण विहिरीवर होती. वडील मोटेच्या चाकाला कधी तेल घालत नसत. चाक जितकं ओरडेल तितकी मळ्याची शान. चार शेतांपलीकडे कळलं पाहिजे की आमचं पाणी चालू आहे. लहानपणी मलाही त्याचा अभिमान होता. आता मात्र ते ओरडणं मला सोसेना. एकदा भरली मोट वर येत असताना मी बैल सोडून, दोन्ही कान दाबून खालीच बसलो. मोटेच्या वजनानं बैल मागे विहिरीकडे ओढले गेले. वडिलांनी धावत येऊन जू धरलं म्हणून वाचले. त्यांनी पडलेला आसूड उचलून आपल्या खांद्यावर टाकला आणि स्वतः मोट हाकू लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बातमी माझ्या सासुरवाडीला, रिठदला पोचली. सासऱ्यांचा निरोप आला: जावई डोक्यानं गेला असेल तर संक्रांत झाली की पोरीला घेऊन जातो. बायकोनं निरोप ऐकला आणि भाकरी थापत राहिली. मी ताटावरून उठलो. ती निघाली असती तर तिला अडवायला मला तोंड कुठे होतं?

दर बाजारी भाजी विकली की मी सिनेमाच्या तंबूत जाऊन बसे. अंधारात कोणी काही विचारत नाही. चित्रं मुकी, ते तर फारच बरं. एका बाजारी बायको म्हणाली, तुम्ही कुठे जाता ते मलाही पाहायचं आहे. पडदा पाण्यानं भिजवत, त्यामुळे चित्र मागूनही दिसे. बायका तिकडे बसत. ती मागे गेली, मी पुढे बसलो.

त्या दिवशी आधी लढाईचं एक लहान चित्र लागलं. नदी, नावा, चिखल. एक खेचर फळीवरून घसरलं, चिखलात रुतलं आणि पाय झाडू लागलं. लोक हसले. पेटीवाल्यानं मजेची चाल धरली. मी उभा राहून ओरडलो, "थे ओरडून राह्यलं, कोणी गप करा त्याले!" पेटी थांबली. मला दंड धरून बाहेर काढलं.

परतताना बैलबंडीत ती माझ्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "चित्राले त आवाजच नोता. तुमाले काय आयकू आलं?"

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मी सांगितलं. चिखलात रुतलेली खेचरं कशी ओरडतात, त्यांना तशीच सोडून पुढे जावं लागे, आणि त्यातलं एक माझ्याच हातचा चारा खाणारं होतं. सांगता सांगता रडलो. आपल्या चाकाचा आवाज अगदी तसाच आहे, म्हणालो.

सकाळी ती घरातली करडईच्या तेलाची वाटी घेऊन विहिरीवर गेली आणि चाकाच्या आसात तेल सोडलं. वडील संतापले. चाक बोललं नाही तर गावाला कळणार कसं? ती माझ्या वडिलांसमोर कधी बोलत नसे. तिनं पदर पुढे ओढला आणि वाटी पुरती रिकामी केली. वडिलांनी आसूड जमिनीवर फेकला. तो मी उचलला.

तेल दुपारपर्यंतच टिके. मग चाक पुन्हा कण्हू लागे, मी बैल थांबवी, आणि ती निंदण सोडून वाटी घेऊन येई.

संक्रांत झाल्यावर सासरे आले ते वैतागूनच. नेहमी चाकाच्या आवाजावर वाट धरून येत, ते या वेळी बांधाबांधानं भटकले होते. "चाक आयकू आलं नाई, मले वाटलं मळाच बंद पडला," ते लेकीला म्हणाले. "चाल, गाठोडं बांध."

ती वाफ्यातून उठली. हात पदराला पुसले.

"मळा चालू हाये, बाबा. मले येता येत नाई. दुपारी चाकाले तेल घाला लागते."