सिस्टेमिक का सिस्टिमॅटिक

"आजी, सिस्टिमॅटिक म्हणतात त्याला. सिस्टेमिक नव्हे. तोंडात मावत नाही तो शब्द घ्यावा कशाला?"

भरल्या ग्रामसभेत सर असं बोलले अन् माणसं हसली. खुर्च्यांवरची हसली, सतरंजीवरची हसली. माझ्या शेजारची, आमच्याच पुऱ्यातली बाई तोंडाला पदर लावून हसली. ते जास्त लागलं. मागून कोणी ओरडलं, "बुढी इंग्रजी फाडून राह्यली लेका!"

मी उभीच. वर केलेला हात खाली घ्यायचंही सुचेना.

सर म्हणजे आमच्या गावचे रिटायर हेडमास्तर, पाणी समितीचे अध्यक्ष. नळ आला की त्यांच्या अंगणात पाइप लावून गाय धुतात. मी रस्त्यावरून पाहते ना. त्याच वेळी आमच्या बौद्धपुऱ्यातला नळ नुसती हवा सोडतो. फुस्स. लेकरं त्याला कान लावून खेळतात.

माझं म्हणणं काय मोठं होतं? पहिला अर्ज दिला तर म्हणाले, मोटर जळाली. मोटर आली, तर पाणी सोडायचा वॉल खराब. वॉल बदलला, तर पाइप फुटला. पाइप जोडला, तर म्हणे तुमच्याच तोट्या गळतात. कारण दर वेळी नवं. कोरडी घरं मात्र तीच. म्हणून मी म्हटलं, "सर, हे एका तोटीचं दुखणं नाई. हे सिस्टेमिक हाय."

झालं. पाणी राहिलं बाजूला, माझी जीभच सभेपुढं आली. ग्रामसेवकानं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं, 'एका तोटीची दुरुस्ती करणे.' रजिस्टर सह्यांना फिरलं अन् मीही सही ठोकून मोकळी झाले. ज्याचं हसं झालं त्याला घरी जायची घाई असते हो.

आता हा शब्द माझ्याजवळ आला कुठून, ते सांगते. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पोरगी होते तेव्हापासून कपाशीच्या फवारणीवर पाणी वाहायची. डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड, पायात काही नाही. एकदा मालक बांधावरून ओरडला, "ते आंतरप्रवाहीवालं आण." तिथं औषधाच्या तीन बाटल्या. मी नेली ती भलतीच निघाली. त्यानं ती माझ्या पायाशी फेकली. म्हणाला, "तुले वाचता येते थोडीच? तू रंग पाह्य, रंग."

त्या दिवसापासून औषधाच्या खोक्यातले घडीचे कागद मी घरी आणू लागले. धाकट्या भावाच्या अंकलिपीशी जुळवून एकेक अक्षर लावलं. माझी शाळा ती. त्या कागदांवर दोन जातीची औषधं लिहिलेली असायची. एक स्पर्शजन्य. लागलं तिथंच काम करतं, बाकी झाडाला पत्ता नाही. दुसरं आंतरप्रवाही, सिस्टेमिक. ते मुळातून चढतं, खोडात जातं, शेंड्याच्या पानापर्यंत पोचतं. एक पान तोडून फेकलं तरी झाडात ते असतंच.

एवढ्या घामानं कमावलेला शब्द. तरी सभेतून घरी आले अन् मला माझाच संशय आला. सरांनी जिंदगीभर पोरं शिकवली, ते कसे चुकतील? आपणच काही भलतं वाचलं असेल. आधी स्वतःवर संशय घ्यायचा, ही सवय आम्हाला फार लहानपणी लागते. लावली जाते.

बाजाराच्या दिवशी जीपनं शेलूबाजारला गेले. कृषी केंद्रात एक पोरगेला दुकानदार बसतो, औषधाचं शिकलेला.

"भाऊ, सिस्टेमिक अन् सिस्टिमॅटिक. एकच का दोन?"

"काहून काकू, पेपर हाय का तुमचा?"

"हाय असंच समज."

"दोन हायेत. सिस्टेमिक म्हंजे आंतरप्रवाही. आख्ख्या झाडात भिनते."

माझा शब्द बरोबर होता! पण मी हसले नाही. "अन् दुसरा?"

"सिस्टिमॅटिक म्हंजे पद्धतशीर. ठरवून केलेलं. आता ह्या बाटल्या मी कशा लावल्या? सिस्टिमॅटिक."

"मंग एकाच पुऱ्यात पाणी न येणं, याले काय म्हणावं?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "ते पाहा लागन काकू. आपोआप होऊन राह्यलं, का कोणी करून राह्यलं."

येताना जीपमध्ये मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मी म्हटलं होतं, दुखणं साऱ्या अंगात आहे. कोणावर बोट ठेवलं नव्हतं. सरांनी मला चूक ठरवायला जो शब्द दिला, त्यात तर करणारा माणूस होता.

मग मी वॉलजवळच्या लिंबाखाली बसू लागले. मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. डोळे वॉलवर. पाणी सोडणारा चावी घेऊन यायचा. गावाचा वॉल पुरा उघडायचा. आमचा दोन आटे, चावीचे दोन फेरे. दर पाळीला दोनच.

"काहून रे बाबू, दोनच?"

"मले तसंच सांगेल हाय, मोठी माय."

"कोणी?"

तो चावी पुसत राहिला. मग म्हणाला, "पहिल्यापासून तसंच हाय."

पुढच्या सभेत सरच आधी बोलले. "काय आजी, आज कोणता शब्द आणला?"

"तुमचाच आणला, सर."

दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले. दोन आटे सांगितले. कोणी हसलं नाही. रजिस्टर माझ्यापुढं आलं तेव्हा त्यात होतं, 'वॉलची तपासणी करणे.' मी पेन खाली ठेवला.

"दोनी शब्द लिहा. दोन आटे लिहा. मंग सही."

ग्रामसेवक म्हणाला, "आजी, प्रोसिडिंगमध्ये असे शब्द बसत नाहीत."

"मंग जागा करा."

सभा उठल्यावर सर जवळ आले. आवाज लोण्यासारखा. "मनाला लावून घेऊ नका. सहज म्हणालो होतो मी. उद्या पाणी येईल बघा."

अन् आलं! धो धो आलं. पुऱ्यातल्या बायांनी गुंड भरले, टाक्या भरल्या. सभेत हसलेली ती बाई माझ्या दारात येऊन म्हणाली, "झालं ना तुह्या मनासारखं? आता तरी सही कर व माय."

मीही सारी भांडी भरली. पण सही केली नाही. एका दिवसाचं पाणी स्पर्शजन्य असतं. लागलं तिथंच संपतं.

आता सुपाऐवजी मांडीवर वही असते. दर पाळीचे आटे मी त्यात लिहिते. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढची जागा कोरी आहे, ती कोरीच राहील. आपोआप होतं का कोणी करतं, ते मी शोधून काढणार. अन् कोणी करत असेल, तर पुढच्या सभेत शब्द नाही, नाव घेणार. ते माझ्या तोंडात बरोबर मावतं.