उन्हाची भट्टी

दोन लाकडं घ्यायची, एकमेकांवर आपटायची आणि डोळे मिटून कान द्यायचा. वाळलेलं लाकूड ठणकन वाजतं, ओलं नुसतं धपकन. धप झालं की काका मान हलवत, "अजून कच्चं हाय." रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरमालकांची ही रोजची संध्याकाळ. मी वरच्या खोलीतली भाडेकरू. नव्या रायपुरातल्या ऑफिसातून थकून यायचं आणि जिन्याशी ही मैफल ऐकायची.

काका विदर्भातले, रेल्वेतून निवृत्त. उभी हयात छत्तीसगडात गेली, पण भाताला त्यांनी कधी जेवण म्हटलं नाही. भाकरीच हवी, तीही अंगणातल्या चुलीवरची. गॅस होता, तो पाहुण्यांच्या चहापुरता. काकू रोज चुलीपुढे बसत, फुंकत आणि खोकत. वखारीतल्या टालवाल्याचं लाकूड नेहमी ओलं, त्यामुळे अंगणभर धूर. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, धुरानं फुप्फुसं खराब झाली आहेत, धूर बंद करा.

त्या दिवसापासून काका घरात चोरासारखे वावरू लागले. "माह्यामुळं झालं वं पोरी," मला जिन्यात अडवून सांगत. आणि धूर बंद करा याचा अर्थ त्यांनी काय काढला असेल? लाकूड वाळवा!

मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहून त्यांनी उन्हाची भट्टी बांधायला घेतली. पाडलेल्या घराच्या खिडक्यांच्या काचा, आत काळा रंग दिलेला पत्रा, बाजूनं विटा. ऊब बाहेर जायला नको म्हणून प्रत्येक फटीत पुट्टी भरली. आठवड्यानं उघडून पाहिलं, तर काचेवरून पाणी ओघळतंय आणि लाकडांवर पांढरी बुरशी. मला हसू आवरेना. तुम्हालाही आवरलं नसतं.

काकू पायरीवर बसून पाहत होत्या. "अवो, कुकरले शिट्टी असते नं? याले काहून नाही? वाफ जाईन कुठून?"

काकांनी मुकाट्यानं खाली-वर भोकं पाडली. पंधरवड्यात लाकूड ठणकन वाजलं. ते त्यांनी माझ्या कानाशी आणून वाजवलं.

त्या संध्याकाळी चूल पेटली. धूर जवळजवळ नाहीच. काका पाटावर, मी शेजारी. पहिला घास घेऊन ते "वा!" म्हणतात तोच काकूंना ढास लागली. तोंडाशी पदर धरून त्या भिंतीला टेकल्या. तेवढा धूरही त्यांना सोसत नव्हता. काकांचा दुसरा घास हातातच राहिला.

"हे सारं मी कोनासाठी करून राहिलो होतो?" त्यांनी मला विचारलं.

"काकूंसाठी."

"नाही वं. भाकरीसाठी. तिले वाचवताना बी मी माह्यं ताट सोडलं नाही."

सकाळी पहार घेऊन त्यांनी चूल फोडली. काकू चिडल्या. त्यांनी स्वतः लिंपलेली चूल ती. विटा गोळा करता करता काका रडकुंडीला आले. "तुले एवढा तरास होत होता, तं बोलली काहून नाही?"

"तुमी इचारलं काहून नाही?"

 तेव्हापासून काका सगळंच विचारू लागले. पंखा लावू का, चहात आलं घालू का, उशी उंच होते का. "डोकं खाऊन राहिले हे," काकू माझ्याकडे तक्रार करायच्या, पण चेहऱ्यावरचं सुख लपायचं नाही. ते फार दिवस लाभलं नाही. त्याच हिवाळ्यात काकू गेल्या.

मग त्यांची मुलगी काकांना आपल्या घरी न्यायला आली. गाडीत मागच्या सीटवर काका, मांडीवर काकूंचा फोटो. निरोप द्यायला मी खिडकीशी वाकले, पण त्यांचं लक्षच नव्हतं. "काच खाली करू का?" ते फोटोला विचारत होते.

मुलीनं तोंड फिरवलं. काका थोडा वेळ थांबले, खरंच उत्तर येणार असल्यासारखे. मग त्यांनी काच पूर्ण खाली केली.